आत्याची साक्ष

डिसेंबर लागला की आमच्या अंबरपेठेच्या घरात पहाटे पाचला टाळ वाजायचे. नाताळापर्यंत रोज पहाटे घरची प्रार्थना, हा बाबांचा नेम. त्याला थंडी चालत नसे, ताप चालत नसे, आणि 'बाबा, आज शाळेत परीक्षा आहे' हे तर मुळीच चालत नसे. आई डोक्यावरून पदर घेऊन भजन सांगायची, बाबा टाळ धरायचे, आणि मी घोंगडी पांघरून डोळे मिटून बसायचे. ते भक्तीनं मिटलेले की झोपेनं, हे देवालाच ठाऊक. मागच्या पडवीत आत्याचं जातं चालू असायचं. बाबांनी 'आपण प्रार्थना करू' म्हटलं की ते थांबायचं आणि 'आमेन' झालं की पुन्हा घरघर सुरू. आत्या आमच्या प्रार्थनेला कधी बसली नाही, पण प्रार्थना चालू असताना तिनं कधी भांडंही वाजू दिलं नाही. मला वाटायचं सगळ्यांच्याच घरी असं असतं.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण, कृष्णाबाई. बाबा तरुणपणी ख्रिस्ती झाले तेव्हा त्यांच्या घरच्यांनी त्यांच्या नावानं आंघोळ केली होती. घर साधंसुधं नव्हतं. तीन पिढ्या सरकारी नोकऱ्या आणि वकिल्या, मूसी नदीपलीकडे शहरात मोठं नाव. बाबांचे थोरले भाऊ, अण्णाकाका, नावाजलेले वकील. आत्या विसाव्या वर्षी विधवा झाली, सासरच्यांनी तिला अण्णाकाकांच्या दारात आणून सोडलं, आणि वर्षभर तिनं त्या अख्ख्या घराचा स्वयंपाक एकटीनं ओढला. मग एक दिवस, तिचे केस उतरवायला न्हावी बोलावलाय असं बाबांच्या कानावर आलं. ज्या घराची पायरी त्यांना बंद होती, त्याच घरासमोर त्यांनी भाड्याचा झटका, म्हणजे एका घोड्याची गाडी, उभा केला आणि घोड्याशेजारी उभं राहून रस्त्यातूनच हाक मारली, "कृष्णे, येतेस?" ती नेसत्या लुगड्यानिशी येऊन बसली. मी तेव्हा सात वर्षांची होते. झटक्यातून उतरलेली, पदरानं केस घट्ट झाकून घेतलेली आत्या मला अजून दिसते.

आमच्याकडे आली तरी ती आपल्या धर्मातच राहिली. मागच्या पडवीत तिची वेगळी चूल, वेगळी घागर, एका डबीत तिचा बाळकृष्ण. आमच्या हातचं पाणीसुद्धा घ्यायची नाही. नाताळचा फराळ मात्र तिच्याशिवाय व्हायचा नाही. आईला करंजीची मुरड जमायची नाही, तिची मुरड तळताना हमखास उकलायची. आत्याची मुरड अशी बारीक आणि नेटकी, की चर्चच्या मंडळीतल्या बायका करंजी हातात घेऊन आधी कडाच बघत बसायच्या. परातभर करंज्या, शेव, चिरोटे, आणि बाबांच्या आवडीचा खुबानीचा, म्हणजे जर्दाळूचा, मिठ्ठा. हे सगळं करून द्यायची आणि तोंडात कणही घालायची नाही. "आत्या, एक घे ना," म्हटलं की, "नक्को बाई, माझा उपास आहे." तिचा हा उपास आठ वर्षं चालला होता. मला त्याचं काही वाटत नसे. बाबांना फार लागत होतं, पण ते मला पुष्कळ उशिरा कळलं.

बाबा अदालतीत तर्जुमा करायचे. साक्षीदार मराठीत किंवा तेलुगूत बोलायचा आणि बाबा त्याचा इजहार, म्हणजे त्यानं दिलेली जबानी, उर्दूत उतरवायचे. शेरवानीची वरपर्यंत बटणं लावून सकाळी निघायचे ते संध्याकाळी तिथल्या कहाण्या घेऊनच परतायचे. पढवलेला साक्षीदार ओळखण्यात त्यांचा हातखंडा होता. "अगं, सोपं आहे," ते भाकरी मोडता मोडता सांगायचे. "खरं बोलणारा विचारणाऱ्याकडे बघतो. पढवलेला, ज्यानं पढवलं त्याच्याकडे बघतो. आणि त्याला मध्येच थांबवा, की गडी पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. खऱ्याला कुठूनही सुरुवात करता येते." आई म्हणायची, "आता घरात अदालत नको." आम्ही हसायचो.

मी पंधरा वर्षांची होते, त्या वर्षीच्या दिवाळीनंतरची गोष्ट. एका संध्याकाळी बाबा खुशीत होते. जेवता जेवता पडवीकडे तोंड करून म्हणाले, "कृष्णे, आता पुरे झाली ही वेगळी चूल. या नाताळला आपण सगळे एका पंगतीला जेवू." आत्या आपली भाकरी थापत राहिली. दोन दिवसांनी तिनं बाबांना सांगितलं की ती बाप्तिस्मा घेणार. बाबा तिथंच गुडघे टेकून बसले आणि रडले. स्वतःच्या रक्ताचं एक तरी माणूस आपल्या बाजूला यावं, याची ते वीस वर्षं वाट पाहत होते. दुसऱ्या दिवशी सिकंदराबादेहून आमच्या मंडळीचे पाळकसाहेब आले, आणि ठरलं की नाताळच्या सकाळी चर्चमध्ये बाप्तिस्मा, आणि त्याआधीच्या रविवारी आमच्या घरच्या प्रार्थनेत आत्यानं सगळ्यांसमोर आपली साक्ष द्यायची. आपण प्रभूकडे कसे वळलो, हे ज्याचं त्यानं आपल्या तोंडानं सांगायचं, ही आमच्या मंडळीची रीतच होती. आत्याला लिहितावाचता येत नव्हतं, म्हणून तिची तयारी करून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. पाळकसाहेबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मी एकदम वीतभर उंच झाले.

प्रभूची प्रार्थना तिला तीन दिवसांत आली, दहा आज्ञा आठवड्यात. जात्यावर बसून ती त्या ओवीच्या चालीवर म्हणायची आणि एक शब्द चुकायची नाही. अडलं ते साक्षीपाशी. मी म्हटलं, "आत्या, तुला जे वाटतं ते सांग." ती म्हणाली, "मला काय वाटायचंय?" मग मीच लिहून काढलं. आमच्याकडे थोर थोर माणसं साक्षी देत, त्या ऐकून माझे कान तयार झाले होते. 'मी महापापी अंधकारात चाचपडत असता प्रभूने मजवर दृष्टी केली' अशी माझी सुरुवात होती. आत्यानं पीठ सावडता सावडता ऐकून घेतलं आणि विचारलं, "महापापी म्हणजे गं? मी काय केलं?"

"सगळे तसंच म्हणतात."

"बरं," ती म्हणाली, आणि पाठ करायला लागली.

पंधरा दिवस असेच गेले. एका दुपारी आई बाहेर गेली होती. आत्या पडवीत आपलं दुसरं लुगडं घडी करून एका फडक्यात बांधत होती. बाळकृष्णाची डबी आधीच आत गेली होती. मी विचारलं, हे कशाला? ती म्हणाली, "असू दे बांधलेलं. वेळेला जमलं नाही तर?" काय जमलं नाही तर, मला कळेना. तेव्हा तिनं अगदी साधेपणानं सांगितलं, जसं उद्या भाजी कुठली हे सांगावं. दादानं आठ वर्षं सांभाळलं. आता त्याला पुरे झालं, तसं त्यानंच तोंडानं सांगितलं. एका पंगतीला बसायचं, नाही तर आपला रस्ता धरायचा. रस्ता एकच, मूसीपलीकडे. तिथं अण्णाची बायको अंथरुणाला खिळलेली, पाच पोरं, आणि राहून गेलेला वस्तरा. "बाबा असं म्हणाले?" मी विचारलं. "अगं, अशा गोष्टी कुणी उघड बोलतं का?" आत्या म्हणाली. "भावाच्या अन्नाला जागावं माणसानं. देव काय, तो माझा आहे तिथं राहील. मनातून कोण काढतंय?"

मी हे बाबांना सांगायला हवं होतं. आता ऐंशी ओलांडली तरी ती दुपार माझ्या घशात अडकलेली आहे. माझ्या नातवंडांना मराठी वाचताना पावलोपावली ठेच लागते, तेव्हा हे मलाच त्यांना वाचून दाखवावं लागणार, आणि इथं आले की मी खाकरणार हे नक्की. मी सांगितलं नाही, कारण मला मिरवायचं होतं. रविवारी चाळीस माणसं येणार, आत्या माझे शब्द घडाघडा बोलणार, पाळकसाहेब म्हणणार, ही पोर उद्या बायबलबाई होऊन घरोघर शास्त्र सांगेल. आणि बाबा इतके आनंदात होते. सकाळी शेरवानी घालताना गुणगुणायचे. त्या आनंदाला नख लावायची माझी छाती झाली नाही. मी आत्याला म्हटलं, "तू घाबरू नको. आपण इतकं पक्कं करू, की जमणारच." आणि त्या दिवसापासून मी तिच्याकडून रोज दहा वेळा साक्ष म्हणवून घ्यायला लागले.

रविवारच्या आधी शुक्रवारी अण्णाकाकांचा निरोप आला. बाप्तिस्म्याची खबर शहरात पोचली होती. 'कृष्णी स्वखुशीनं जात असेल तर मला बोलायचं नाही. पण ते मी माझ्या कानांनी ऐकणार, आणि तसं नसेल तर तिला घेऊन जाणार.' बाबांनी निरोप आणणाऱ्याला सांगितलं, "जरूर या म्हणावं." आत आले तेव्हा त्यांचा चेहरा कडक झाला होता. "येऊ दे," ते आईला म्हणाले. "वीस वर्षांनी येतोय माझ्या घरी. येऊ दे, ऐकू दे." आत्यानं हे पडवीतून ऐकलं. त्या रात्री तिनं चूल पेटवली नाही.

रविवारी दुपारी बैठकीत सतरंज्या घातल्या. रेल्वेतले कारकून, शाळामास्तर, दवाखान्यातल्या नर्सबाई, सगळी मंडळी सिकंदराबादेहून आली. अण्णाकाका डोक्याला दस्तार बांधून, काठी टेकत आले. घरात पाऊल टाकलं नाही. बाबांनी व्हरांड्यात खुर्ची ठेवली, तिच्यावर अण्णाकाका दाराकडे तोंड करून बसले. आईनं पाणी पाठवलं, ते त्यांनी हात न लावता परत केलं. भजन झालं, शास्त्रातला उतारा झाला. गाणाऱ्यांचा आवाज नेहमीसारखा लागत नव्हता, कारण प्रत्येकाचं एक लक्ष व्हरांड्यात होतं. मी आतल्या दाराच्या चौकटीला चिकटून उभी होते. पाळकसाहेब म्हणाले, "कृष्णाबाई, या." आत्या धुवट पांढऱ्या लुगड्यात पुढं येऊन उभी राहिली. बाबा पहिल्या रांगेत होते.

"मी महापापी अंधकारात चाचपडत असता," आत्यानं सुरू केलं. स्वच्छ, न अडखळता. दोन वाक्यं झाली, तीन झाली. मी चौकटीआडून ओठ हलवत होते. तेवढ्यात मागून कुणी म्हातारे कानाला हात लावून पुढं झुकले, तेव्हा पाळकसाहेब मायेनं म्हणाले, "जरा मोठ्यानं, बाई. मागं ऐकू येत नाही."

आत्या थांबली. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग मोठ्यानं म्हणाली, "मी महापापी अंधकारात चाचपडत असता..."

कुणाला काही वाटलं नाही. एकदोन बायका कौतुकानं हसल्या. मी मात्र बाबांच्या मानेकडे बघत होते. ती मान हळूहळू ताठ झाली. आत्या पुढं बोलत राहिली. ती तिसऱ्या वाक्याशी आली आणि बाबा बसल्या जागेवरून म्हणाले, "कृष्णे, थांब. तू आमच्याकडे आलीस तो दिवस आठवतो तुला? पाऊस होता की ऊन?"

किती साधा प्रश्न होता. आत्याच्या चेहऱ्यावरून सगळं पुसलं गेलं. तिनं पुन्हा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मी महापापी..."

बाबा उभे राहिले. "हे शब्द कुणाचे?"

आत्यानं मान खाली घातली. ती माझं नाव घेणार नाही हे मला कळलं, आणि तिला आणखी विचारलं गेलं तर ती खोटं बोलेल हेही कळलं. "माझे," मी म्हटलं. माझा आवाज कुणा दुसरीचाच वाटला. सगळ्या माना वळल्या.

"यशवंतराव," पाळकसाहेब बाबांना हलकेच म्हणाले, "अशिक्षित बाई आहे. शब्द मुलीनं दिले म्हणून काय झालं? भाव तर तिचा आहे." आणि डोळ्यांनी त्यांनी व्हरांड्याकडे खूण केली. जरा भान ठेवा, ऐकणारे ऐकताहेत. बाबांना ते समजलं नाही असं नाही. त्यांना एवढंच करायचं होतं, की खाली बसायचं. बसले असते तर चार दिवसांनी त्यांची बहीण त्यांच्या पंगतीला असती आणि अण्णाकाका हात हलवत परत गेले असते. ते किती वेळ उभे होते कोण जाणे. मला आठवतं ते एवढंच, की त्यांच्या शेरवानीचं शेवटचं बटण ते सारखं काढत होते आणि लावत होते.

मग ते आत्यासमोर जाऊन जमिनीवर बसले. अदालतीत साक्षीदाराशी बोलत तशा सपाट आवाजात त्यांनी विचारलं, "तुला बाप्तिस्मा हवा आहे का?"

"तू म्हणशील तसं, दादा."

"मी काय म्हणतो ते राहू दे. नाही घेतलास, तर काय होईल?"

"मग जाईन ना." तिनं व्हरांड्याकडे हात केला. "अण्णाला बोलावलंयस तू. माझं बोचकं बांधलेलं आहे."

सतरंजीवरच्या एका लहान मुलानं खेळणं आपटलं, त्याच्या आईनं ते काढून घेतलं. मी बाबांना आईच्या वडिलांच्या मयतीत पाहिलं होतं, पण असा चेहरा पाहिला नव्हता. उठताना त्यांनी जमिनीला हात टेकले. "पाळकसाहेब," ते म्हणाले, "हा इजहार मी मंजूर करू शकत नाही. माझी साक्षीदार दबावाखाली आहे. आणि दबाव माझा आहे."

अण्णाकाका खुर्चीवरून उठले होते. "झालं तर मग," ते दारातून म्हणाले. "चल कृष्णे. घे तुझं बोचकं."

"तिला विचार, अण्णा," बाबा म्हणाले. "मी विचारलं नाही, तू तरी विचार."

वकील माणूस, शेकडो जणांना उलटतपासणीत घाम फोडलेला. पण चाळीस परक्या माणसांसमोर धाकट्या बहिणीला 'येतेस का' एवढं विचारणं त्यांच्या जिवावर आलं. शेवटी त्यांनी विचारलं. आत्यानं डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाली, "मला केस काढायचे नाहीत, अण्णा." एवढंच. अण्णाकाकांचे कान लाल झाले. कुणी काही बोलेल म्हणून ते क्षणभर थांबले, मग काठी उचलून पायऱ्या उतरले. त्या दिवशी मला त्यांची दया आली हे आता सांगायला हरकत नाही.

आत्या गेली नाही. पण सुटका झाली असं कुणालाही वाटलं नाही. मंडळी फराळ न घेता निघून गेली, परातीतल्या करंज्या तशाच राहिल्या. पुढचे चार दिवस घरात पहाटेचे टाळ वाजले, जातं नेमकं थांबलं, नेमकं सुरू झालं, आणि कुणी कुणाच्या डोळ्यांकडे बघेना. बोचकं पडवीच्या कोपऱ्यात तसंच बांधलेलं होतं. मी ते दर तासाला जाऊन बघत होते. बाबा मला रागावले असते तर बरं झालं असतं. ते माझ्याशी फक्त गरजेपुरतं बोलत होते. एकदा मी रडत माफी मागायला गेले तर म्हणाले, "तू लिहिलंस, पण बोलायला लावलं मी. जा, अभ्यास कर."

नाताळच्या सकाळी आम्ही तिघंच चर्चला गेलो. आतमध्ये झेंडूच्या माळा, रंगीत कागदाच्या पताका, पुढं बाप्तिस्म्याच्या पाण्याचं तबक मांडलेलं. ते हलवायचं राहून गेलं होतं की मुद्दाम ठेवलं होतं, देव जाणे. उपासना संपता संपता बाबा उठून उभे राहिले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. "माझ्या बहिणीचा आज बाप्तिस्मा होणार असं मी तुम्हाला सांगितलं होतं," ते म्हणाले. "तो होणार नाही. तिची इच्छा काय, हे मी तिला विचारलं नव्हतं. तिला वाटलं, माझ्या घरात राहायचं तर हे करावं लागेल. असं तिला वाटावं, इतकं मी तिच्याशी कमी बोललो. प्रभूच्या नावानं मी हे केलं, त्याची मी त्याच्यापुढं आणि तुमच्यापुढं क्षमा मागतो." ते खाली बसले. कुणी 'आमेन' म्हटलं नाही. बाहेर पडताना एक बाई आईला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "हातातोंडाशी आलेला आत्मा घालवला." त्यानंतर कितीतरी महिने शास्त्र वाचायला बाबांचं नाव आलं नाही. त्याआधी दर महिन्याला यायचं.

घरी आलो तेव्हा दुपार झाली होती. आईनं जेवणाची पानं घेतली. बाबा थेट मागं गेले आणि पडवीच्या पायरीपाशी उभे राहिले. आत्या आपल्या चुलीपुढं बसली होती. तिनं वर न बघता विचारलं, "काय सांगितलंस तिथं?"

"होतं ते सांगितलं."

"मग लोक काय म्हणाले?"

"काही नाही."

"म्हणजे पुष्कळ म्हणाले," आत्या म्हणाली. तिनं भाकरी उलटली. मग खालच्या आवाजात तिनं विचारलं, "मग मी आता कुठं राहू, दादा?"

एवढं सगळं झाल्यावर. चाळीस माणसांसमोर, चर्चमध्ये, अण्णाकाकांच्या तोंडावर सगळं झाल्यावरही ती हेच विचारत होती. बाबांचा आवाज चढला. चार दिवसांत पहिल्यांदा चढला. "अगं, मी कधी तुला जा म्हटलं होतं का?"

"राहा असंही कधी म्हटलं नव्हतंस."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, गाऱ्हाणं नव्हतं. विचारलं म्हणून सांगितलं, इतकंच. आईच्या हातातलं पान तसंच राहिलं. बाबा पडवीच्या पायरीवर नाताळच्या कोऱ्या शेरवानीसकट मातीत बसले, आणि आठ वर्षं त्यांच्या घरात राहिलेल्या बहिणीला त्यांनी पहिल्यांदा म्हटलं, "राहा, कृष्णे."